काट्यावर सगळ्या मिळून

गोणीताईला गोणीताई हे नाव कुणी दिलं, असं एखाद्या नव्या माणसाने विचारलं की तीच उत्तर द्यायची, "मीच. दुसऱ्या कुणी ठेवायच्या आत आपलं आपण ठेवलेलं बरं." आणि आधी स्वतः हसायची, म्हणजे समोरच्याला हसावं की न हसावं हा पेच पडायचा नाही.

आमच्या पार्सल छाटणीच्या हॉलमध्ये ती फाटकी पोती शिवायची. हातात दाभण, कमरेला जाड कापडाचा एप्रन, त्याच्या खिशांत कात्री, मेणाचा गोळा आणि सुतळीची गुंडी. भरलेलं पोतं उचलायला आम्हाला दोघी लागायच्या. ती एकटी ओढत आणायची आणि ओढता ओढता गप्पाही मारायची. देहाने भरभक्कम. दारातून ती आणि ट्रॉली एकदम जात नसत, ट्रॉलीला थांबावं लागे. "थांब गं बाई, आधी मोठी गाडी जाऊ दे," असं ती ट्रॉलीलाच सांगायची.

तिचं बालपण मामाच्या घरी गेलं. मामी वाईट नव्हती, पण घरात खाणारी तोंडं फार. भात वाटीने मोजून मिळायचा, आणि वाटीसुद्धा वरून बोट फिरवून सपाट केलेली. वर चढलेली शीग म्हणून नाही. "मी त्या बोटाकडे बघत बसायची," ती मला एकदा म्हणाली, "आणि मनात म्हणायची, देवा, मला मोठी कर. मग मी मोजणार नाही." देवाने ऐकलं. ती कमवायला लागली, रंगाच्या कारखान्यातल्या एका शांत माणसाशी लग्न झालं, एक मुलगी झाली, शिकून मार्गी लागली. आणि त्या घरात वाटी कधी भाताला लागली नाही. जेवायच्या आधी गोणीताई डोळे मिटून क्षणभर गप्प बसायची आणि मग पोटभर जेवायची. मीही जेवायच्या आधी देवाचं नाव घेते, म्हणून आमचं जमलं असावं.

दुपारच्या जेवणाला आम्ही सहा जणी एका टेबलाशी बसायचो. हॉल सांभाळणाऱ्या मुकादमबाई, पार्सलांवर शिक्के मारणारी शिक्केवाली, जिचा हात जितका चालायचा त्याहून तोंड जास्त, छाटणीच्या टेबलावरच्या नणंद-भावजय, ज्या घरी भांडायच्या आणि कामावर एकमेकींशिवाय पाणी प्यायच्या नाहीत, गोणीताई, आणि मी. माझं काम पत्ते मोठ्याने पुकारण्याचं. देवाने मला दुसरं काही दिलं नसेल, पण आवाज दिला. आमची रीत अशी की सगळे डबे एकदम उघडायचे आणि मधे सरकवायचे. मग कुणाचं काय हे उरायचं नाही. भावजयीच्या डब्यातलं नणंद खायची आणि नावंही ठेवायची.

ही रीत मोडली ती एका चांगल्या गोष्टीपायी, हे सांगायला हवं. मुकादमबाईंच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी घाबरवलं, बाई घाबरल्या, आणि जिद्दीने लागल्या. चालू लागल्या, गोड सोडलं, वर्षभरात निम्म्या झाल्या. चेहऱ्यावर तेज आलं. आम्हा सगळ्यांना आनंद झाला. पण बाईंचं असं आहे की हाती लागलेली चांगली गोष्ट त्या एकट्या ठेवून घेत नाहीत. हळूहळू शिक्केवालीने भात सोडला. नणंदेने पाव सोडला म्हणून भावजयीने पाव आणि बटाटा सोडला. टेबलावर भिजवलेल्या बिया आल्या, उकडलेल्या शेंगा आल्या, खुणा केलेल्या पाण्याच्या बाटल्या आल्या. डबे मधे सरकेनात, कारण प्रत्येकीचं मोजून आणलेलं. मग मनगटावर घड्याळं आली. मलाही लेकीने एक घेऊन दिलं. फार वेळ बसलं की ते थरथरायचं आणि सांगायचं, उठा.

पाच घड्याळं एका चालीवर. ऐन जेवणात ती थरथरायची आणि आम्ही पाचही जणी खुर्च्या मागे सारून उभ्या राहायचो आणि जागच्या जागी पाय उचलायचो. गोणीताई घास हातात धरून बसलेली. शाळेत सगळे प्रार्थनेला उभे राहिले आणि एकालाच कुणी सांगितलं नाही, तसा तिचा चेहरा व्हायचा.

ती हसण्यावारी न्यायची. "चालून चालून कुठे पोचलात गं? मला पण सांगा तिकडची हवा."

शिक्केवाली म्हणायची, "ताई, हस तू. पण त्या लोण्याकडे बघ एकदा. ते जातं कुठं माहीत आहे का?"

"माहीत आहे ना. पावावर."

आम्ही हसायचो. पण ते हसणं पूर्वीचं नव्हतं. बोलणं सगळं बियांचं, झोपेचं, पाण्याचं. कुणाच्या मुलाचं लग्न ठरलं, कुणाची सासू रुसली, या गोष्टी मागे पडल्या. गोणीताई मधेच काही सांगायला तोंड उघडायची आणि तेवढ्यात कुणी विचारायचं, "काल किती चाललीस?" मग ती तोंडात घास घालायची.

तिच्या वाढदिवसाला आम्ही केक आणायचो. दरवर्षीची रीत. त्या वर्षी मुकादमबाईंनी मोठं कलिंगड केकसारखं कापून आणलं, वर मेणबत्त्या खोचल्या. मेणबत्त्या लवंडायला लागल्या, भावजय त्या धरून उभी राहिली, आणि गोणीताईने फुंकर मारली तेव्हा पाण्याचे शिंतोडे नणंदेच्या तोंडावर. तिथवर गंमतच होती. मग भेट आली. सगळ्यांनी मिळून आणलेली, रंगीत कागदात. तिने कागद न फाडता सोडवला, ती नेहमीच तसा सोडवते. आत घरी ठेवायचा वजनकाटा.

"तुझ्या काळजीपोटी आणलाय हो," मुकादमबाई म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

"छान आहे," गोणीताई म्हणाली. "काच किती गुळगुळीत आहे."

पुढच्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले तेव्हा काटा खिडकीत होता आणि त्यावर जास्वंदीची कुंडी. मी बघितलेलं तिने बघितलं.

"रोप वाढतंय," ती म्हणाली. "रोज थोडं जास्त दाखवतं. त्याला कुणी काही बोलत नाही."

मग चहा गाळता गाळता, पाठमोरी, म्हणाली, "माझ्या वाढदिवसाला माझंच वजन दिलंत गं मला."

मी कप पुढे केले.

त्यानंतर दोन दिवसांनी तिने मुकादमबाईंना सांगितलं, "मला खालच्या गोदामात टाका. तिथेही पोती फाटतात." गोदाम म्हणजे तळघर. तिथे उजेड कमी, आणि जेवायला सोबत कुणी नाही. बाईंना कारण कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. "सामने होऊन जाऊ देत," त्या म्हणाल्या, "मग बघू."

सामने म्हणजे वर्षातून एकदा खात्याखात्यांत होणारी बायकांची रस्सीखेच. छाटणी खातं विरुद्ध वाटप खातं. बक्षीस ना पेला ना पदक. जिंकेल त्या खात्याला वर्षभर कॅंटीनमधलं खिडकीजवळचं टेबल. हरलेल्यांना मोरीजवळचं, जिथे पाय कायम ओले. आम्ही इतकी वर्षं ओल्या पायांनीच जेवलो. वाटपवाल्या दिवसभर सायकली मारतात, त्यांच्या पायांशी कुणी लागायचं?

दोर धरणार पाच जणी, आणि पाचींचं मिळून वजन ठरलेल्या हद्दीच्या आत हवं, असा नियम. वजन करायचं पोत्यांच्या मोठ्या काट्यावर. काटा सांभाळणारे काका फार लाजाळू. बायकांचं वजन मोठ्याने वाचायचं त्यांना अगदी जिवावर आलं, म्हणून फार पूर्वी त्यांनीच तोड काढली: एकेकीला चढवायचंच नाही. सगळ्या एकदम चढा, एकमेकींना धरून उभ्या राहा, तबकडीवर लाल रेघ मारली आहे, सुई रेघेच्या आत राहिली की झालं. कोण किती हे देवालाच ठाऊक. पहिल्या वर्षी गोणीताई चढली होती आणि सुई रेघ ओलांडून पार गेली होती. तेव्हापासून तिच्या जागी मी. ती सुतळीने दोराची टोकं बांधून द्यायची आणि कडेला उभी राहून टाळ्या वाजवायची.

या वर्षी आम्ही चढलो आणि सुई रेघेच्या जवळपासही गेली नाही. कुठल्या कुठे खाली थांबली. शिक्केवालीने किंकाळी फोडली. नणंद-भावजय गळ्यात पडल्या. मुकादमबाईंच्या डोळ्यांत पाणी.

काकांनी टोपी मागे सारली. "बायांनो, एवढी जागा रिकामी ठेवून कुठे निघालात? यात अजून एक पोतं बसेल."

आम्हाला ते कौतुक वाटलं. खरं सांगते, आम्ही काकांना टाळ्या दिल्या.

मग सरावाला दारावरच्या पाच पहारेकरी बाया बोलावल्या. त्यांनी दोर धरला आणि आम्हाला वाळत घातलेल्या धुण्यासारखं ओढून नेलं. पुन्हा धरला, पुन्हा नेलं. भावजय गवतात बसून म्हणाली, "पोटात कावळे ओरडतायत, हातात जोर कुठून आणू?" नणंद म्हणाली, "रेघेच्या आत आहोत ना पण."

"आत आहोत," मुकादमबाई म्हणाल्या. मग थांबल्या. हातातला दोर खाली टाकला. "अगं, आत राहायचं म्हणजे इतकं आत? ही काय हलकं होण्याची शर्यत आहे? ही ओढायची शर्यत आहे! काका काय सांगत होते आणि आपण काय ऐकलं!"

मग सगळ्यांनी एकदमच हॉलच्या उघड्या दारातून त्या कोपऱ्याकडे बघितलं, जिथे पोत्यांचा ढीग असतो.

बाईंच्या मागोमाग मी गेले. गोणीताई दाभणात सुतळी ओवत होती. मान वर केली नाही.

"आमच्याकडून खेचशील का?" बाईंनी विचारलं.

"पोतं कमी पडतंय वाटतं."

"हो," बाई म्हणाल्या. "वजन कमी पडतंय. खोटं कशाला बोलू?"

"मग काटा परत आणू का घरून? त्याला सांगते, बाबा रे, आता जास्त चालेल."

हा टोला बसला. बाई पोत्यांवर बसल्या, साडी मळेल याचा विचार न करता. मग म्हणाल्या, "मी घाबरले होते गं. मला वाटलं मी मरणार. मग मला वाटायला लागलं तुम्ही सगळ्या मरणार, आणि मीच वाचवायचंय. तो काटा... तो नको होता द्यायला."

गोणीताईने टाका घातला, ओढला. "बाई, तुम्ही वाचलात यात मला आनंदच आहे. मी रोज त्याबद्दल हात जोडते. पण मामीच्या घरून मी वाटी सोडून आले, ती तुम्ही परत माझ्या पानाशी आणून ठेवलीत. मी नाही मोजणार. पटत असेल तर येते."

"पटलं."

"आणि सामन्यापर्यंत डबे मधे सरकवायचे. बिया तर बिया, शेंगा तर शेंगा. ज्याला जे चालेल ते खाईल, नाही ते नाही. पण मधे. तुमच्यासाठी मी साखर नाही आणणार, एवढी अक्कल मला आहे."

"आणि गोदाम?"

"ते सामन्यानंतर बघू म्हणालात ना? मग बघू."

तेव्हा कळलं की तिने अजून मन बदललं नव्हतं. ती खेचायला येणार होती. राहणार की जाणार हे लटकलेलंच होतं.

तिने आम्हाला एकच गोष्ट शिकवली. आम्ही हिसके मारायचो. ती म्हणाली, हिसक्याने पोतं फाटतं, सरकत नाही. मागे बसायचं, श्वास सोडायचा, आणि पोत्याला वाटू द्यायचं की ते आपल्या मर्जीने येतंय. "वाटपवाल्यांना पण तसंच वाटू द्या," म्हणाली.

सामन्याच्या सकाळपर्यंत काटा उघडा असतो, तोवर खेचणारी बदलता येते. माझी जागा मी आनंदाने सोडली. मी ठेका देणार असं ठरलं. मुकादमबाई, शिक्केवाली, नणंद, भावजय चढल्या. शेवटी गोणीताईने एक पाय ठेवला, थांबली. त्या पहिल्या वर्षीचं तिला आठवलं असणार. मग बाईंनी हात पुढे केला आणि तिला ओढून घेतलं. पाचही जणी एकमेकींच्या कमरेला धरून उभ्या.

सुई चढली, चढली, आणि लाल रेघेवर जाऊन थरथरत थांबली. रेघेवर. आत नाही.

"एप्रन," काका म्हणाले, दुसरीकडे बघत.

गोणीताईने एप्रन सोडला. कात्री, मेण, सुतळी, सगळं माझ्या हातात आलं. सुई हलली, पण रेघ सोडीना.

"चपला काढा गं!" चपला गेल्या. नणंदेने बांगड्या काढल्या. अजून केसभर. गोणीताईचा चेहरा उतरला. ती खाली बघून म्हणाली, "मी उतरते. उगाच तुमचं—"

"तू हलू नकोस," मुकादमबाई म्हणाल्या, आणि मनगटावरचं घड्याळ काढून माझ्याकडे फेकलं. त्या घड्याळाशिवाय बाई झोपत नव्हत्या, हे आम्हाला माहीत होतं. शिक्केवालीने काढलं. नणंदेने काढलं, भावजयीने काढलं. माझंही काढून मी ती सगळी खिशात कोंबली.

सुईने एक झोका घेतला आणि रेघेच्या आत येऊन बसली.

"झालं!" काका इतक्या मोठ्याने ओरडले की स्वतःच दचकले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बायकांचं वजन ओरडून सांगितलं असेल.

मैदानात दोन्ही खाती जमलेली. वाटपवाल्यांची म्होरकी गोणीताईला बघून म्हणाली, "अरे वा, या वर्षी नांगर आणलाय!"

"नांगरच," गोणीताई म्हणाली, "बघ टाकला की कसा बसतो."

पहिली ओढ आम्ही हरलो. घाईत शिक्केवालीने हिसका मारला आणि चौघी तिच्यावर पडल्या. दुसरीला गोणीताई शेवटच्या टोकाला मागे रेलून बसली ती बसलीच, आणि मी ठेका दिला, आणि वाटपवाल्या एक एक पाऊल करत आमच्याकडे आल्या. त्यांना खरंच वाटलं असेल की आपण आपल्या मर्जीने येतोय.

तिसरी ओढ संपेना. दोर ताठ, दोन्हीकडचे पाय मातीत रुतलेले, कुणी इंचभर हलेना. माझा आवाज बसायला आला. मी मनात देवाला म्हटलं, मला काही नको, पण हिला गोदामात नको. तेवढ्यात माझ्या खिशात एकदम सगळी घड्याळं थरथरायला लागली. उठा, उठा, उठा. कोण उठणार होतं?

आणि शेवटच्या टोकाकडून गोणीताईचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा, "काय गं, उद्या लोणी आणू का?"

"आण!" शिक्केवाली किंचाळली.

"साधं की खारट?"

"कसलंही आण बाई, पण सोडू नकोस!"

"पाव पण?"

"पाव पण!" ही नणंद.

"आणि बटाटा!" भावजय, डोळे मिटून.

मला ठेका मिळाला. "लो—णी!" मी ओरडले, पत्ते पुकारते त्याच आवाजात. "लो—णी!" 'लो'ला श्वास, 'णी'ला सगळ्या मागे. आमचं सगळं खातं ओरडायला लागलं. काका टोपी हलवत ओरडत होते. मुकादमबाईसुद्धा, दात खाऊन, "लो—णी!" आणि दोर आला. आधी बोटभर, मग हातभर, मग वाटपवाल्या सगळ्याच्या सगळ्या आमच्या अंगणात.

गोणीताई मागे मातीत उताणी पडली होती, दोर हातात, आणि हसत होती. तिला उठवायला आम्ही सगळ्या धावलो आणि उठवता उठवता तिच्यावरच पडलो. वाटपवाल्यांची म्होरकी येऊन म्हणाली, "लोण्यावर हरलो बाई आम्ही." आणि तिने गोणीताईला हात दिला.

दुसऱ्या दिवशी खिडकीजवळच्या टेबलावर पाय कोरडे ठेवून आम्ही बसलो. डबे उघडले, मधे सरकवले. मुकादमबाईंच्या शेंगा होत्या, शिक्केवालीच्या बिया होत्या. त्यांचं त्यांनी सोडलं नाही, आणि सोडावं असं कुणी म्हटलंही नाही. लोणीही होतं. बाईंनी शेंगेला बोटभर लावून खाल्लं आणि म्हणाल्या, "डॉक्टरांनी साखरेची बंदी केली आहे, याची नाही." मग सहज विचारल्यासारखं, "ते गोदामाचं काय करायचं गं?"

"कसलं गोदाम?" गोणीताई म्हणाली. ती पावाला लोणी लावत होती. "तिथे खिडकी कुठे आहे?"

तेवढ्यात माझा खिसा थरथरला. कालपासून कुणी घड्याळ परत मागितलं नव्हतं आणि मीही विसरले होते. थरथर सगळ्यांना ऐकू गेली. गोणीताईने घास हातात धरला आणि आमच्याकडे बघितलं, पूर्वी बघायची तसं.

कुणी उठलं नाही.

"अगं, वाजतंय ना," ती म्हणाली.

"वाजू दे," मुकादमबाई म्हणाल्या. "तो बटाटा भावजयीकडे सरकव. आणि तुझ्या मुलीचं काय ते परवा सांगत होतीस, अर्धवट राहिलं. सांग."